खिडकीच्या मापाची गिटार

एस्टीत जागा धरावी तर सिद्धारामनं. औषध कंपनीचा माणूस, महिन्यातले वीस दिवस बीड जिल्ह्याच्या रस्त्यांवर. लोक दारात रेटारेटी करत असत, तेव्हा हा खिडकीतून रुमाल टाकून मोकळा! नंतर सावकाश चढून रुमालावर बसायचं आणि उभ्या लोकांकडं दयेनं बघायचं, हा त्याचा शिरस्ता.

लग्नाच्या माहितीपत्रात त्यानं छंद म्हणून 'गिटारवादन' लिहून टाकलं. हॉस्टेलवर कधीतरी एक चाल शिकलेला, तीही अर्धी. अंबाजोगाईचे किराणावाले गुंडप्पा यांची मुलगी प्रणिता त्याला फोटोत लई आवडली होती. त्यांचा निरोप आला, "या. येताना वाद्य घेऊन या."

आता आली का पंचाईत! सिद्धाराम औरंगाबादला गिटार घ्यायला गेला. दुकानदारानं एक मोठी, गोड आवाजाची गिटार काढली. सिद्धारामनं खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली आणि गिटारीच्या पोटाला लावली.

"हे काय?" दुकानदार म्हणाला.

"एस्टीच्या खिडकीचं माप हाय. चार बोटं जास्त भरतीय. ही नको."

"अहो, गिटार आवाजावर घेतात."

"आमचा धंदा फिरतीचा. आधी गाडीत तर शिरली पाहिजे."

पाच गिटारी मापून झाल्यावर एक बुटकी गिटार सुतळीत बसली. आवाज डबा वाजवल्यासारखा होता, पण सिद्धारामचं समाधान झालं.

पोरगी बघायच्या दिवशी मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. अंबाजोगाईची आणि आष्टीची, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मधल्या बोळात हा घुसला, मागून कुणाचं तरी पोतं लागलं म्हणून गर्रकन वळला, आणि समोरच्या रिकाम्या सीटवर खिडकीतून गिटार सोडली. अगदी अलगद आत गेली. स्वतःवर खूश होत तो अंबाजोगाईच्या गाडीत चढला, तर त्याच्या जागेवर एक म्हातारी बसलेली.

"मावशी, तिथं माझी गिटार होती."

"काय व्हतं?"

"गिटार. वाजवायची."

"न्हाई बाबा, हितं वाजवायचं काईच न्हवतं."

तेवढ्यात शेजारची आष्टीची गाडी हलली. तिच्या खिडकीत गिटार ऐटीत बसलेली. माप चुकलंच नव्हतं. सगळ्या एस्टींच्या खिडक्या एकाच मापाच्या असतात, एवढंच तो विसरला होता. गिटार बसून आष्टीला गेली आणि सिद्धाराम उभ्यानं अंबाजोगाईला.

"वाद्य कुठाय?" गुंडप्पांनी विचारलं.

"आष्टीला गेलं."

"वाजवायला?"

सिद्धारामनं सगळी हकिकत सांगितली. पोहे घेऊन आलेली प्रणिता खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग तुमाला जागा मिळाली का?"

"न्हाई. उभाच आलो."

ती हसली, आणि सिद्धारामला वाटलं की लग्न करावं तर हिच्याशीच. गिटार गेली ते बरंच झालं, वाजवायचं टळलं! पण गुंडप्पा म्हणाले, "वाद्य आष्टीच्या स्टँडवर जमा झालं असंल. मला सोमवारी तिकडंच जायचंय. संगट चला. तिथं वाजवून दाखवा, मग पुढचं बोलू."

सोमवारी आष्टीच्या स्टँडवर नियंत्रक सुंदररावांनी कपाटातून गिटार काढली.

"लई मानाची हाय बरं का. गाडीत माणसं उभ्यानं आली, पण हिला कुणी हात लावला न्हाई. कुणीतरी जागा धरलीय म्हणले."

"मीच धरली होती."

"कशावरून? वाजवून दाखवा."

गुंडप्पा बाकावर ऐसपैस टेकले. सिद्धारामनं अर्धी चाल सुरू केली, ती पावातच संपली. सुंदररावांनी गिटार काढून घेतली.

"ही तुमची न्हाई. हिचा मालक वाजवणारा आसंल."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सिद्धाराम गुंडप्पांकडं बघत म्हणाला, "मामा, मला वाजवता येत न्हाई. माहितीपत्रात मी थाप मारली. गिटार मात्र माझीच हाय." आणि त्यानं खिशातून सुतळी काढली. सुंदररावांनी सुतळी आधी गिटारीला लावली, मग बाहेर जाऊन गाडीच्या खिडकीला. गाठीला गाठ जुळली. मुकाट्यानं रजिस्टर पुढं सरकवून त्यांनी सही घेतली.

गुंडप्पा बाहेर फलाटावर जाऊन उभे राहिले. सिद्धारामनं प्रणिताची आशा सोडूनच दिली होती.

"पाहुणे," गुंडप्पा शेवटी म्हणाले, "जावई घरात रोज हे वाजवणार म्हणून आठ दिवस माझ्या जिवाला घोर होता. तुमाला येतच न्हाई म्हणल्यावर फिकीर मिटली. सुपारी फोडू."

सिद्धाराम वाकून पाया पडला. तेवढ्यात बीडची गाडी आली आणि सवयीनं त्याचा हात गिटारीसकट खिडकीकडं गेला. गुंडप्पांनी तो वरच्या वर धरला.

"एक अट हाय. लग्नानंतर आमच्या पोरीला गाडीत दारातूनच चढवायचं. आन् आधी पाटी वाचायची."