गायकवाडकाकांचे मार्क

माझ्या मुलीच्या लग्नाला शेजारच्या गायकवाडकाकांनी दहापैकी सात मार्क दिले. तेही आहेर हातात ठेवताना, सगळ्यांसमोर. एक मार्क मठ्ठ्याचा कापला, एक बँडचा, आणि तिसरा कशाचा ते काही सांगेनात. तो जावयाचा होता हे मला वर्षभरानं कळलं, आणि तोवर माझंही मत तेच झालं होतं.

काका रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. नांदेडात आमची दारं समोरासमोर. मार्क दिल्याशिवाय या माणसाची कुठलीच गोष्ट संपत नाही. चहाला मार्क, डॉक्टरच्या इंजेक्शनला मार्क, शोकसभेतल्या भाषणाला तर पाव-पाव मार्कानं कापाकापी. आठच्या वर कुणाला जाऊ देत नाहीत. मी कॉलेजात गणित शिकवते, मार्क कापणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण काकांपुढं मीही हात टेकले.

दुसरी गोष्ट सुपारीची. शर्टाच्या खिशात कायम एक अख्खी सुपारी, हाताळून हाताळून पार गुळगुळीत झालेली. स्वतः खायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. मला नसत्या चौकश्या फार, त्यामुळं चार-पाचदा तरी विचारलं असेल. दरवेळी ते "हाय एकाची" म्हणायचे आणि माझ्या पोह्यांना मार्क द्यायला लागायचे.

यंदा आमच्या कॉलेजात रॅपची स्पर्धा ठरली. दोन पोरांनी समोरासमोर उभं राहून तालात एकमेकांची उणीदुणी काढायची, असा तो प्रकार. शेवटच्या फेरीत बिलोलीचा सुमेध आणि उदगीरचा ओंकार आले. दोघं एकाच खोलीत राहणारे, एकाच डब्यात जेवणारे. जिंकणाऱ्याचं गाणं लातूरच्या एका स्टुडिओत फुकट रेकॉर्ड होणार होतं. ऐन वेळी परीक्षकांनी कळवलं की जमत नाही. मी थेट काकांचं दार वाजवलं. तरुणपणी काकांची गायनपार्टी होती, हे मला ठाऊक होतं. तेव्हा गावोगाव दोन पार्ट्यांचे सामने होत. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं जागेवर गाण्यातच जवाब द्यायचा. मी रॅप समजावून सांगितला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सामनाच की. पँट तेवढी ढगळ."

रविवारी दुपारी, कॉलेजानं भाड्यानं घेतलेल्या मंगल कार्यालयात काका गळ्यात स्टॉपवॉच अडकवून पहिल्या रांगेत बसले. पहिली फेरी झाली, पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि काकांनी दोघांना शून्य दिलं. हे दोघंही घरून पाठ करून आलेत, म्हणाले. एकानं काय म्हटलं ते दुसऱ्यानं ऐकलंसुद्धा न्हाई. "सवाल आला की जवाब पायजे."

मग मात्र पोरं एकमेकांचं ऐकायला लागली. ओंकारनं सुमेधची उडवली, सुमेधनं जागेवर परत केली, काका मांडीवर ठेका धरून पेन्सिल चालवायला लागले. रंगच चढला. आणि त्या भरात सुमेध बोलून गेला की हा वाघ रोज पांघरुणात तोंड घालून आईला फोन करतो आणि रडतो.

हॉल खदखदून हसला. ओंकारच्या हातातला माइक खाली आला. खोलीतली गोष्ट होती ती, मित्राजवळ सांगितलेली. काकांच्या घड्याळातली जवाबाची वेळ संपली. नियम तो नियम, काकांनी सुमेधला जिंकवलं. ओंकारनं बॅग उचलली आणि तो सरळ दाराकडं चालायला लागला. सुमेध स्टेजवर तसाच उभा. जिंकला होता खरा, पण तोंड हरल्यासारखं.

तेव्हा काका पळाले. गुडघे दुखतात म्हणून आमच्या बिल्डिंगचे दोन जिनेसुद्धा शिव्या घालत चढणारा माणूस, एक चप्पल खुर्चीखाली सोडून पळाला. मी मागं. दारात त्यांनी ओंकारचा दंड धरला.

"सामना संपला न्हाई अजून. सुपारी राहिली."

ओंकार रडतच होता. काकांनी त्याला पायरीवर बसवलं आणि सांगायला लागले. त्यांच्यात रीत होती. सामना झाला की हरलेला आणि जिंकलेला एकमेकांना सुपारी द्यायचे. म्हणजे आजचं भांडण मिटलं, पुढचं ठरलं. कंधारचा दशरथ त्यांचा समोरच्या पार्टीतला जोडीदार, वीस वर्षं समोर बसून गायलेला. एकदा त्यानं काकांच्या घरातली गोष्ट गाण्यात आणली. लोक हसले. काका सुपारी न देता उठले ते उठलेच. दशरथनं दोनदा निरोप पाठवला, काकांनी घेतला नाही.

"त्यानंतर अकराव्या महिन्यात कंधारहून सांगावा आला, दशरथ गेला म्हणून. जवाब तयार होता रे माझा. लई चांगला होता. कुणाला देऊ?"

काकांनी खिशातून ती गुळगुळीत सुपारी काढून ओंकारच्या हातावर ठेवली. "त्याचं चुकलंच. शिव्या घाल, पण उठून जाऊ नको."

सुमेध मागं येऊन उभा होता. "चुकलो रे," एवढंच म्हणाला. ओंकारनं सुपारी मुठीत फिरवली. मग नाक पुसून म्हणाला की पुढच्या वेळी तुझं घोरणं काढतो बघ, आणि सुपारी त्याच्यापुढं धरली. सुमेधकडं द्यायला सुपारी कुठली? मी कार्यालयाच्या कोठीत घुसले आणि पूजेच्या सामानातली एक उचलून आणली. माझे डोळे भरले होते, ते सांगायला लाज कसली.

रिक्षात काकांचा हात सवयीनं खिशाकडं जायचा आणि रिकामाच परत यायचा. शेवटी मीच विचारलं, किती मार्क.

"नऊ."

आजवर कुणाला न मिळालेले. तरी मी मास्तरीण, मला राहवेना. एक कशाचा कापला, विचारलं.

काका बाहेर बघत म्हणाले, "सुपारी द्यायला उशीर झाला. तो माझा."