हरवलेल्या चेंडूचा रौप्यमहोत्सव

बिलोली तालुक्यातल्या वार्षिक व्यावसायिक गोल्फ स्पर्धेला पंचविसावे वर्ष लागले, तेव्हा स्पर्धेला इतिहास नसल्याचे संयोजन समितीच्या लक्षात आले. मंडप होता, फेटे होते, पाहुणे होते. इतिहास तेवढा राहून गेला होता. ही उणीव दूर करण्यासाठी निवृत्त इतिहासशिक्षक व्यंकटराव सरांना पाचारण करण्यात आले.

सरांनी आजवर गावातल्या सगळ्या संस्थांच्या स्मरणिका लिहून दिल्या होत्या, पण मुखपृष्ठावर नाव कायम दुसऱ्याचे. या खेपेला अध्यक्ष अमरनाथरावांनी स्वतः शब्द दिला होता: ‘इतिहासकार व्यंकटराव’, तेही सोनेरी अक्षरांत. सर घरी गेले आणि आरशासमोर उभे राहून त्यांनी इतिहासकारासारखे दिसून पाहिले.

“पहिल्या वर्षी जिंकलं कोण?” सरांनी कामाला सुरुवात केली.

“सर, तुमी एकदम शेवटालाच हात घालून राहिले,” अमरनाथराव म्हणाले. “आदी उद्घाटन लिवा. कोन आलं, किती गाड्या आल्या, कोनाला फेटा लहान झाला.”

“आणि खेळ?”

“खेळ चालू हाय की.”

सरांनी खोदकाम केले, तेव्हा खेळ खरोखरच चालू असल्याचे निष्पन्न झाले. अमरनाथराव एकदा हैदराबादला लग्नाला गेले होते. तिथे त्यांनी गोल्फचे मैदान पाहिले. एवढे मोठे रान, पेरलेले काही नाही, पीक काही नाही, तरी मालक खूश. असे रान आपल्याकडे गायरानाच्या रूपात आयतेच पडून आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. खड्डे जलवाहिनीच्या योजनेने आधीच खणून ठेवले होते. गवत शेळ्या बारीक ठेवत. स्पर्धेच्या नावात ‘व्यावसायिक’ कशाला, असे सरांनी विचारले, तेव्हा मंडपवाले गुलाम रसूलभाई दुखावले. “कायकू म्हंजे? मी मंडपवाला, तो भोंगेवाला, तो फेटेवाला, तो आचारी. हौशी कोन हाय दाखवा ना!”

पहिल्या स्पर्धेची वेळ सकाळची होती, म्हणून पाहुणे दुपारी आले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर, आणि ज्यांचा सत्कार राहिला त्यांची समजूत, एवढे होईपर्यंत उन्हे कलली. मग पाहुण्यांनी उद्घाटनाचा फटका मारला. चेंडू शेजारच्या तुरीत गेला. लोक शोधायला वळणार, तोच भोंग्यावरून पुकारा झाला की पंगतीचा बगारा खाना आणि दालचा तयार आहे. खेळ तहकूब करून चेंडू शोध समिती नेमण्यात आली. समितीने वर्षाने अहवाल द्यायचा होता. अहवाल म्हटले की सभा आली, सभेला मंडप आला, मंडपाला पाहुणे आले, पाहुण्यांना दालचा आला. स्पर्धा वार्षिक झाली ती अशी. तांत्रिकदृष्ट्या तो एकच सामना होता आणि त्यातला दुसरा फटका गेली चोवीस वर्षे प्रलंबित होता.

दुसरा फटका मारायला एक माणूस मात्र तयार होता. उमरीची लुंबिनी ही सरांची विद्यार्थिनी. हैदराबादला शिकायला गेली आणि तिकडे खरोखरचे गोल्फ शिकली. आता ती देशभर पैशाच्या स्पर्धा खेळे आणि दरवर्षी काठ्यांची पिशवी घेऊन न चुकता इकडे येई. दरवर्षी तिला शाल मिळे. घरातली सगळी माणसे शाल पांघरत, पाहुण्यांना देत, तरी शाली उरत.

“सर, माझ्या आईबापानं मला खेळताना एकदा बी बघितलं न्हाई,” ती सरांना म्हणाली. “एक फटका मारू द्या म्हनावं. चेंडू माझ्याजवळ हाय.”

“तोच चेंडू पायजे,” अमरनाथरावांनी नियम सांगितला. “अर्ध्यातून चेंडू बदलला तर खेळाची काय इज्जत राहिली?”

“काका, नियमात तीन मिनिटं हुडकायचं, न्हाई घावला तर दुसरा घ्यायचा, असं हाय.”

“तीन मिनिटांत काय होतंय, बाई? तेवढ्यात आपल्याकडं हार बी घालून होत न्हाई.”

तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत तिला शब्द दिला: तो चेंडू सापडला की दुसरा फटका तुझा. अमरनाथरावांनी टाळ्या वाजवल्या. चेंडू सापडण्याची भीती कोणालाच नव्हती.

इतिहासाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवा म्हणून सर गायरानाच्या कडेला राहणाऱ्या नागुबाईकडे गेले. नागुबाईने चहा टाकला. सर खुराड्याशेजारी टेकले. कोंबडी जराशी उठली आणि तिच्याखाली तीन अंडी दिसली. त्यातले एक फारच गोल होते आणि त्यावर बारीक खळ्या होत्या.

“नागुबाई, हे काय?”

“त्ये व्हय? तुरीत घावलं मला. फोडून बघितलं तर फुटंना. मंग ठिवलं खुराड्यात. एक अंडं दिसलं की कोंबडी दुसऱ्याच्या घरी जात न्हाई, मास्तर, हितंच घालती.”

“कधी सापडलं?”

“त्या जेवनाच्या दिशीच की.”

“अगं, समिती चोवीस वर्षं शोधतेय. कोणी विचारलं नाही तुला?”

“दर साली येत्यात हुडकायला. मला बी मंडपात नेऊन जेवू घालत्यात. इचारायचं त्येंच्या ध्यानात राहत न्हाई.”

सरांनी चेंडू रुमालात बांधला आणि थेट समितीच्या बैठकीत नेऊन टेबलावर ठेवला. बैठकीला शोकसभेची कळा आली. गुलाम रसूलभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. “सर, ये क्या केले तुमी? चेंडू सापडला म्हंजे मंडप कायकू? पाहुने कायकू? रौप्यमहोत्सव कशाचा?”

“आणि इतिहास तरी कायचा?” अमरनाथरावांनी हळूच विचारले. “छापखान्यात मुखपृष्ठ गेलंय, सर. सोनेरी शाई आनवलीय.”

सरांनी चेंडूचा मोकळा रुमाल घडी करून खिशात ठेवला. “मी लुंबिनीला शब्द दिलाय.”

“शब्द कुठं मोडून राहिलो? पर हा चेंडू तोच कशावरून? लोक उद्या आपल्यावर हसले तर? पडताळणी समिती नेमू. अध्यक्ष तुमी. मुखपृष्ठावर ‘इतिहासकार तथा अध्यक्ष’ करू. पडताळा झाला की मारू द्या तिला फटका. एक सोडून दहा मारू द्या.”

सरांनी बराच वेळ विचार केल्यासारखा चेहरा केला. मग पुराव्याच्या दृष्टीने चेंडू मूळ स्थितीत ठेवणे योग्य, असा पहिला निर्णय त्यांनी अध्यक्ष या नात्याने दिला. चेंडू कोंबडीखाली परत गेला. नागुबाई खूश झाली. कोंबडी त्याहून.

रौप्यमहोत्सवाला मंडप दुप्पट होता. लुंबिनीचे आईवडील नवे कपडे घालून आले होते. व्यासपीठावर सर फेटा बांधून बसले होते, पुढ्यात सोनेरी अक्षरांची स्मरणिका. सहावे भाषण सुरू झाले, तेव्हा लुंबिनी आईबापाला घेऊन मंडपाच्या मागे गेली. स्वतःच्या पिशवीतला चेंडू तिने गवतावर ठेवला, पाय रोवले आणि काठी फिरवली.

मंडपातल्या खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून होत्या आणि व्यासपीठावर वक्ता कागदात, बाकीचे स्मरणिकेतल्या आपापल्या फोटोत बुडाले होते. म्हणजे तो फटका दिसला तिघांना: आईला, वडिलांना आणि व्यासपीठावरून समोर पाहणाऱ्या सरांना. चेंडू गायरानावरून उंच गेला, शेळ्यांच्या पलीकडे टेकला, गडगडला आणि जलवाहिनीच्या खड्ड्यात पडला. आईने तोंडावर पदर धरला. वडील टाळ्या वाजवू लागले. टाळ्या ऐकून भाषण संपले असे समजून मंडपानेही वाजवल्या.

लुंबिनी धावतच व्यासपीठापाशी आली. “सर! एका फटक्यात! तुमी बघितलं न्हवं?”

अमरनाथरावांनी सरांकडे पाहिले. मंडपाने सरांकडे पाहिले. सरांनी स्मरणिकेवरच्या आपल्या नावाकडे पाहिले.

“काहीतरी उडालं खरं,” सर माईकवरून म्हणाले. “पण ते नेमकं कुठं गेलं, हे शोधावं लागेल.”

गुलाम रसूलभाईंच्या डोळ्यांत पाणी आले. सुवर्णमहोत्सवापर्यंतची सोय झाली होती. जागच्या जागी दुसरी चेंडू शोध समिती जाहीर झाली. चेंडू अजून त्या खड्ड्यात आहे आणि वाकून पाहिले तर सहज दिसतो.

या नव्या समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. गोल्फ येण्याची अट नाही. शोधण्याचीही नाही. वाकायचे तर मुळीच नाही. एवढे शांतपणे वाचत बसू शकणारे सदस्य मिळणे दुर्मीळ, म्हणून समितीने तुमचे नाव सुचवले आहे. फेट्याचे माप तेवढे कळवावे. आणि हे वाचताना तुमचा हात नकळत डोक्याकडे गेला असेल, तर निवड बिनविरोध झाली असे समजावे.