बघता बघता चाळणी

"या पापुद्र्यात एक अणू जरी जागेवरून हललेला दाखवलात ना सर, तर मी उद्यापासून बाजारात सॉसेज भाजायला बसेन!" उराईवन छातीठोकपणे म्हणाली.

तोरा अगदीच पोकळ नव्हता. थायलंडमधल्या चिआंग मायच्या एका प्रयोगशाळेत भट्टीपुढे घाम गाळून तिने ग्राफीन तयार केलं होतं. कार्बनचा पापुद्रा, जाडी फक्त एका अणूची! आज तो बघायला फुकेतहून रतनापोर्नबाई यायच्या होत्या. हॉटेलांना समुद्राचं पाणी गोडं करून पुरवणं हा त्यांचा धंदा. बाई खूश झाल्या तर पैसा मिळणार, नाहीतर भट्टीला कुलूप!

बाई आल्या. उराईवनने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुरू केला आणि पडद्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सुबक जाळी उमटली.

"अगंबाई!" बाई हरखल्या.

"बघा, एकही ठिपका चुकलेला नाही!" उराईवन म्हणाली, आणि तेवढ्यात एक ठिपका गडप झाला.

तिने पडदा बाहीने पुसून पाहिला.

"धूळ असेल," बुनयोंगसर म्हणाले. ते विभागप्रमुख. "जरा मोठं करून बघ."

तिने मोठं केलं. भोकाशेजारी दुसरं भोक पडलं! आणखी मोठं केलं, तर उंदरांनी पोतं कुरतडावं तशी सगळी जाळी कुरतडली जाऊ लागली!

"सर, तुम्ही यंत्राला हात लावलात?"

"छे! नुसतं व्होल्टेज वाढवलं. ऐंशी हजारांचं तीन लाख. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण मोठा दिवा लावतोच की!"

"सर!!" उराईवन किंचाळली. "तो दिवा नाही, गोळीबार आहे! एवढ्या जोरात इलेक्ट्रॉन आदळले की अणू उडून जातात! आपण बघतोय म्हणूनच भोकं पडताहेत!"

"मग बघू नका ना!" असं म्हणून सरांनी घट्ट डोळे मिटून घेतले. वर्षानुवर्षं नुसत्या बैठका घेतल्या की असं होतं.

उराईवनने बटणाकडे झेप घेतली. बाईंनी तिचं मनगटच धरलं.

"खबरदार, बंद करशील तर! या भोकांतून पाणी जाईल?"

"पाणी? जाईल की."

"आणि मीठ?"

"भोकं इतकीच बारीक राहिली तर... अडेल बहुतेक."

"अगं मग मला हेच हवंय! बिनभोकाचा पापुद्रा घेऊन मी काय करू, त्यावर पाणी ठेवून बघत बसू?"

उराईवनने आ वासला. सरांनी मात्र ताबडतोब डोळे उघडले.

"आम्ही मुद्दामच पाडली, बाई! केवढी चाळणी हवी?"

"हातभर लांब, हातभर रुंद."

"सोंगक्रानच्या सणाला, नववर्षाची भेट म्हणून घरपोच!"

बाई हसत हसत विमानतळाकडे गेल्या. उराईवन मटकन खुर्चीत बसली.

"सर, आपण पाच मिनिटांत जेवढी चाळणी केली, तेवढ्या जागेत एक जंतूसुद्धा मावत नाही. या चालीने हातभर व्हायला..."

"किती दिवस?"

"वर्षं म्हणा."

"बरं, किती वर्षं?"

"पृथ्वी जन्मल्यापासून आजवर झाली ना, साधारण तेवढी."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले,

"कुठल्या सालचा सोंगक्रान, ते मी बोललो नाही हं!"