कुंदाताई अंदाजे सांगत नाहीत

लग्न होऊन मी जबलपूरला, राइट टाउनच्या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे कुंदाताईंना, पहिला प्रश्न विचारला. "ताई, बाथरूम कुठे आहे?"

पोळपाटावरची मान वर न करता त्या म्हणाल्या, "सरळ जा. डाव्या हाताला दुसरं दार. कडी वरची लाव, खालची ढिली आहे. आगे बढ़िए."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

कुंदाताई जबलपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीवर नोकरीला होत्या. एकूण पस्तीस वर्षं त्या तिथे बसल्या. खिडकीपलीकडे सदैव दहा-पंधरा माणसं उभी. एकाला उत्तर दिलं की लगेच दुसरा. घरी आल्यावर साडी बदलायच्या, पण 'आगे बढ़िए' काही बदलायचं नाही. गणपतीत प्रसाद वाटतानाही त्या तेच म्हणत, आणि गंमत म्हणजे लोक खरंच पुढे सरकत.

त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक. माहीत असेल तर सांगायचं, नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. मधलं काही नाही. शेजारच्या तिवारी भाभींनी एकदा कुंपणावरून सहज विचारलं, "दीदी, भैया कितने बजे तक आ जाएँगे?" भैया म्हणजे माझा नवरा, कुंदाताईंचा धाकटा भाऊ अरुण. कुंदाताईंनी उत्तर दिलं, "निर्धारित समय छह बजे। आज की स्थिति की सूचना नहीं है।" भाभी महिनाभर हे सगळ्या गल्लीला सांगत फिरत होत्या.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. माझं इथल्याच, जबलपूरच्या गोरखपूर बाजारात शिवणाचं दुकान आहे. पंचवीस वर्षं ब्लाउज शिवल्यावर बाईकडे नुसतं पाहून मला माप कळतं. हे मी एकदा अभिमानाने सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "आणि चुकलं तर?"

"चुकलं तर उसवते."

"तुझं बरं आहे. मी चार नंबर म्हटलं आणि गाडी एकवर लागली, तर उसवता येते काय? गठुडं घेऊन पुलावरून धावते कोण? तो. माझं काय जाते? मी तर पंख्याखाली बसून राहिली."

खिडकीवर लोक फक्त गाड्यांचं विचारत नसत. भेडाघाटला नाव किती वाजेपर्यंत चालते, नर्मदा उलट्या दिशेने काहून वाहते, इथून समुद्र किती दूर, संगमरवर आधी मऊ असतो का. एका म्हाताऱ्याने तर चंद्रावर हवा आहे का हे विचारलं होतं. त्याची गाडी दोन तास लेट होती. जे माहीत नसे ते कुंदाताई एका वहीत लिहून घ्यायच्या. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाऊन उत्तर शोधायचं, ते समोर लिहायचं आणि पाठ करायचं.

"अहो, पण विचारणारा तर गेला," मी म्हटलं.

"तो गेला. पुन्हा कोणी तेच विचारलं तर?"

अशा बावीस वह्या झाल्या. मी त्या कपाटावरून काढून धूळ झटकते, म्हणून मला आकडा माहीत आहे. अंदाजे नाही.

मग लोकांच्या हातात मोबाइल आले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खिडकीसमोरची रांग आटत गेली. एके दिवशी ताई घरी आल्या आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "आज नऊ जण आले. त्यातल्या पाच जणांनी चार्जिंग कुठे होते ते विचारलं." चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. घरात आम्ही तिघं. माझी मुलगी पुण्याहून फोन करते, पण तीही काही अडलं तर आधी मोबाइलमध्येच पाहते. मीही तेच करते. खोटं काहून बोलू? साबुदाणा किती वेळ भिजवायचा हेसुद्धा मी एकदा ताई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असताना मोबाइलला विचारलं होतं.

त्याच सुमारास त्यांना टीव्हीवरचा तो प्रश्नांचा कार्यक्रम सापडला. मोठी खुर्ची, निळे दिवे, समोर सुटाबुटातले सूत्रसंचालक, चार पर्याय. पर्याय येण्याआधीच ताई टीव्हीला उत्तर सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि वर "आगे बढ़िए." टीव्ही ऐकायचा नाही. स्पर्धक घाम पुसत विचार करत बसायचा, आणि ताई चिडायच्या, "रांग लागली असेल मागे!"

मी गमतीने म्हटलं, "तुम्हीच काहून नाही जात?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळल्या. "जाता येते?"

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. मोबाइलवरून नाव नोंदवलं ते मी. तिकडून फोन आला, एका मुलीने प्रश्न विचारला आणि ताईंनी लगेच उत्तर ठोकलं. मुलगी काकुळतीला आली. "मैम, पहले ऑप्शन तो सुन लीजिए।" ताई म्हणाल्या, "ऑप्शन सुनकर उत्तर बदल जाएगा क्या?" तरी नाव पुढे गेलं. भोपाळला चाचणी झाली, तिथूनही पुढे गेलं. मग मुंबईचं बोलावणं आलं, सोबत एक माणूस आणायची मुभा. सोबतीला मी.

अरुणने एकदा विचारलं, "ताई, एवढं काय आहे त्या कार्यक्रमात? तुला कशाची कमी आहे?"

"मला तिथलं काही नको रे," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीवर माणूस बसला ना, की समोरचा प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. खिडकीवर कोणी थांबायचं नाही. अर्धं ऐकून पळायचे. मला एकदा पूर्ण उत्तर द्यायचं आहे."

मी त्यांना निळ्या रंगाचा ब्लाउज शिवून दिला. टेपने मोजून.

मुंबईत स्टुडिओत दहा स्पर्धक होते. खुर्चीवर कोण बसणार हे ठरवायला आधी सगळ्यांना एकच प्रश्न: ही शहरं पश्चिमेकडून पूर्वेकडे लावा. रायपूर, सुरत, नागपूर, भुसावळ. मी मनात म्हटलं, झालं. बाकीचे नऊ जण डोळ्यांसमोर नकाशा आणत होते, तेवढ्यात ताईंची बोटं काम करून मांडीवर परत आली होती.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. सूत्रसंचालकांनी पहिला प्रश्न वाचला, ताईंनी उत्तर दिलं. "कुंदा जी, विकल्प तो आने दीजिए," ते म्हणाले, "इतनी मेहनत से बनाए हैं।" ताई म्हणाल्या, "आने दीजिए।" पर्याय आले. "देख लिए। वही उत्तर है। आगे बढ़िए।" प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले. सूत्रसंचालक हसून खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "इतने साल में पहली बार किसी ने मुझे आगे बढ़ाया है।" ताईंना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होत्या.

एकापाठोपाठ एक प्रश्न गेले. नद्या, राजे, ग्रह, शरीरातली हाडं. प्रत्येक उत्तराला त्या थोडी भर घालत. "और वहाँ से संगम बारह कोस है," असं काहीतरी. सूत्रसंचालक ते खरंच ऐकून घेत होते. मग एक टप्पा पार झाला. इथवर जे जिंकलं ते पक्कं. आणि लगेच पुढचा प्रश्न आला: यांपैकी कोणत्या देशाच्या झेंड्यावर पोपट आहे?

या वेळी ताईंनी चारही पर्याय नीट वाचले. सगळी नावं समुद्रातल्या बेटांची. जिथे गाडीच जात नाही त्या जागेचं कधी कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

त्यांनी मदत घेतली. दोन चुकीचे पर्याय गेले, डॉमिनिका आणि ग्रेनाडा उरले. मग घरी फोन लावला, अरुणला. घड्याळ सुरू झालं. ताईंनी प्रश्न वाचला. अरुण म्हणाला, "ताई, डॉमिनिका असेल."

"असेल की आहे?"

"अंदाजे सांगून राहिलो, ताई."

"मग ठेव फोन," असं म्हणून त्यांनी फोन बंद करायला सांगितला. घड्याळात अजून बरेच सेकंद बाकी होते. सगळा स्टुडिओ हसला. तिसरी मदत प्रेक्षकांना विचारायची होती. ती त्यांनी घेतलीच नाही. "ये लोग भी अंदाज़ से ही बताएँगे," म्हणाल्या.

सूत्रसंचालकांनी समजावलं. "कुंदा जी, यहाँ ग़लती भी हो जाए तो आपका कुछ नहीं जाएगा। दो में से एक बोल दीजिए। सही निकला तो खेल आगे चलेगा।"

मी मागे सोबत्याच्या जागेवर बसले होते. बोलायची मनाई होती, म्हणून दातांवर दात ठेवून बसले. मनात म्हणत होते, बोला ना, बाई! फुकटचं आहे!

ताई म्हणाल्या, "मेरा कुछ नहीं जाएगा, सर। पर घर पर जो सुन रहा है, वह तो मान लेगा कि कुंदा बोल रही है तो सही होगा। मुझे सूचना नहीं है।"

आणि त्या खुर्चीवरून उठल्या.

बरोबर उत्तर डॉमिनिकाच होतं. परतीच्या गाडीत मी कल्याणपासून जे बोलायला सुरुवात केली ते इटारसीपर्यंत थांबले नाही. ताई खिडकीबाहेर पाहत एकेक स्टेशन मनातल्या मनात तपासत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "गाडी वेळेवर आहे."

कार्यक्रम टीव्हीवर लागला त्या दिवशी आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिवारी भाभी, त्यांच्या सुना, माझ्या दुकानातल्या दोघी. पहिल्या 'आगे बढ़िए'ला छप्पर उडालं. पोपटाच्या प्रश्नाला भाभी कपाळावर हात मारून ओरडल्या, "अरे दीदी, तुक्का मार देतीं!" ताई दारात उभ्या राहून मटार सोलत होत्या. त्यांनी मान हलवली, एवढंच.

मी मात्र टीव्हीकडे पाहत राहिले. स्टुडिओत मी त्यांच्या मागे होते, मला दिसला होता फक्त अंबाडा आणि मी शिवलेला ब्लाउज. चेहरा आज पहिल्यांदा पाहत होते. सूत्रसंचालक प्रश्न वाचायला लागले की ताई थोड्या पुढे झुकायच्या, आणि ओठ किंचित उघडे राहायचे. एवढ्या वर्षांत हा चेहरा मी घरात पाहिला नव्हता. आमच्यापैकी कोणी त्यांना काही विचारलं असतं तर दिसला असता कदाचित.

पोपटाच्या प्रश्नावर सूत्रसंचालकांनी शेवटचं विचारलं, "पक्का छोड़ना चाहती हैं?" स्टुडिओत मला वाटलं होतं की ताईंनी लगेच 'जी' म्हटलं. तसं नव्हतं. पडद्यावर त्या काही क्षण नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या. खुर्चीच्या दोन्ही हातांवरचे तळवे त्यांनी घट्ट दाबून धरले होते. मग सोडले.

"लागलं का हो वाईट, दीदी?" माझ्या दुकानातल्या एकीने विचारलं.

कुंदाताईंनी एक शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या.

"किती छान विचारत होते ते," त्या म्हणाल्या. "आणखी एक विचारला असता ना, मला येणारा, तर बसली असती मी."