मंगळावर अडकलेली लेक

"अक्षता हातात घेतल्या की कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय मूठ उघडायची नाही," असं सासूबाईंनी पहिल्याच श्रावणात बजावलं होतं. विनोदिनीनं ते कधी मोडलं नाही. रायपुरात तेलीबांध्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या शुक्रवारी घोळ झाला तो त्यामुळेच.

तिचे यजमान शेखरराव विज्ञानकथा लिहीत. रायपूर राजधानी झाल्यापासून ऑफिसात फायलींचे डोंगर वाढले, तरी पहाटे उठून ते मंगळावर जाऊन येत. इतकी वर्षं कुणी शाबासकी दिली नव्हती. यंदा मात्र एका मासिकाच्या वार्षिक बक्षिसाच्या शेवटच्या फेरीत त्यांची कथा पोचली. निकाल वाचकांच्या मतांवर. मत पोस्टकार्डावर सही करून पाठवायचं. तुझ्या महिला मंडळातल्या बायकांना विचारून पाहा, असं ते हळूच म्हणाले होते.

कथा न ऐकवताच सह्या घेणं विनोदिनीला पटेना. जिवतीच्या पूजेला पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका जमल्याच होत्या. जिवतीची कहाणी संपता संपता, सुफळ संपूर्ण म्हणायच्या आधीच, तिनं तशीच शेखररावांची कथा वाचायला घेतली. अक्षता अजून सगळ्यांच्या हातातच. बायकांना वाटलं, कहाणीच पुढं चालली आहे. यान मंगळावर उतरलं तेव्हा त्यांच्यातल्या थोरल्या मंदाकिनीबाईंना हात जोडता येईनात, म्हणून त्यांनी मान लववली. आणि शेवटी इंधन संपून यानातली पोर यामिनी तिथंच एकटी मेली.

कुणी हलेना. पूजा लेकराबाळांच्या आयुष्याची, आणि कहाणीत लेक गेली. आता सुफळ संपूर्ण म्हणायचं कोणत्या तोंडानं? पुरणाचा नैवेद्य निवला, फोन वाजून वाजून थांबला.

संध्याकाळी शेखरराव घरात पाऊल टाकतात तो सगळ्या मुठी मिटून बसलेल्या.

"काहून जी शेखरभाऊ," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पोट्टीले तिथंच सोडून दिलं तुम्ही?"

"काकू, ते शास्त्राला धरून आहे. इंधनच उरलं नव्हतं."

"मंग धाडली काहून? तिले घरी आणा. उजवी मूठ मिटलेली असली तर सही कशानं करावी आम्ही?"

शेखररावांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "शब्द देऊन टाका न. चहा पण एका हातानं होत नाही."

पुढच्या कथेत यामिनी परत येईल, असा त्यांनी जिवतीसमोर शब्द दिला. अक्षता पडल्या, मग सह्याही पडल्या.

बक्षीस मिळालं. सोबत संपादकांचं पत्र होतं: गावोगावच्या वाचकांना भावला तो कथेचा निर्दय शेवट; असा धीट लेखक मराठीला हवाच होता; यामिनीला कृपा करून परत आणू नये. शेखररावांनी ते दोनदा वाचून दाखवलं. विनोदिनी वाती वळत होती. "छान लिहिलं आहे," एवढंच म्हणाली.

रविवारी ते बराच वेळ कोऱ्या कागदापुढं बसून राहिले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "वाटेत चंद्रावर एक मुक्काम झाला तर चालेल का तुमच्या मंदाकिनीबाईंना?"

"चालेल," विनोदिनी म्हणाली. "पण सणाच्या आत घरी पोचू द्या तिले."

शेखररावांनी पेनाचं टोपण काढलं.