तुपाचा पंचनामा

पंचफुलाबाईला कोलेस्टेरॉल निघालं आणि ते गावाला पचलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. गावात दहा दिवसांनी एक टँकर. अशात एका ट्रस्टच्या दवाखान्यानं समाजमंदिरात फुकट तपासणीचं शिबिर भरवलं. सरपंच शेषेरावांनी हार घालून घेतला आणि पहिलं रक्तही आपलंच दिलं. रिपोर्ट आले. रोज वरणावर तुपाची धार धरणाऱ्या शेषेरावांचं सगळं नॉर्मल, आणि रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या पंचफुलाबाईचं कोलेस्टेरॉल तीनशे दहा!

"डाक्टर, चिठ्ठ्या बदलल्या की काय?" शेषेरावांना अपमानच वाटला.

"नाही हो. हे कधी कधी घराण्यातून येतं. बाई, आईला काय झालं होतं?"

"छातीवर हात ठिवला आन गेली जी. पंचेचाळीस बी भरले न्हवते."

पंचफुलाबाईला चव्वेचाळिसावं चालू होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग ही गोळी रोज एक, जन्मभर. दवाखान्यातून फुकट मिळेल. पण चुकवायची नाही."

घराण्याची गोष्ट समाजमंदिरातच राहिली, चरबी तेवढी गावभर झाली. शेजारीण चतुराबाईनं टँकरच्या रांगेत तोंड सोडलं, "आमच्या तव्याला तेलाचा थेंब न्हाई आन हिच्या रगतात चरबी! तूप खाल्ल्याबिगर येती व्हय?"

चार दिवसांत दुष्काळी धान्याच्या यादीतून पंचफुलाबाईचं नाव उडालं. ती तलाठ्याकडे गेली.

"खातंपितं घर हाय म्हणून तक्रार आली," तलाठी म्हणाला.

"मंग या की बघाया! चूल काय पळून चालली का?"

आले! त्या वर्षी तलाठ्याचा हात पंचनाम्यांवर चांगलाच बसला होता. पिकांचे झाले, आटलेल्या विहिरींचे झाले, तुपाचा हा पहिलाच. पाच पंच चुलीभोवती उकिडवे बसले. डबे उघडले, उतरंड खाली घेतली. मूठभर ज्वारीचं पीठ, वाळल्या मिरच्या आणि पाव बाटली तेल सापडलं. शेषेरावांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि मान हलवली.

तलाठ्यानं लिहिलं, 'घरात तूप आढळून आले नाही. सबब ते लपवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"आता मी करू तरी काय?"

"चरबी न्हाई असा डाक्टरचा कागद आन," शेषेराव म्हणाले, "लगेच नाव चढवतो. आम्ही काय तुझे दुश्मन हाव?"

दोन महिने पंचफुलाबाईनं एक वेळ भाकरी आणि एक वेळ पाणी यांवर काढले, पण गोळी चुकवली नाही. फेरतपासणीत कोलेस्टेरॉल एकशे नव्वद. दवाखान्यानं 'नॉर्मल' असा शिक्का मारून दिला. तलाठ्यानं शिक्का पाहिला, नाव चढलं, धान्य आलं. पोटभर भाकरी खाऊन ती पुढच्या महिन्याची गोळी आणायला गेली.

कंपाउंडरनं कागद चाळले. "मावशी, तुमचं नाव कमी झालं. औषध थोडंच येतंय, म्हणून बरे झालेले पेशंट कमी केले."

"आवं, त्या गोळीनंच तर बरी हाय मी! डाक्टरला इचारा!"

"त्यांची बदली झाली. वाढलं की या, त्याच दिवशी गोळी चालू करतो."

"वाढलं की धान्य बंद व्हतंय, लेकरा!"

कंपाउंडर भला होता, त्यानं मान खाली घातली. "मग बघा मावशी, तुम्हाला काय परवडतं ते."

ती रिकाम्या हातानं गावात उतरली, तर पारावर दुष्काळ पाहायला आलेले तालुक्याचे साहेब बसलेले. शेषेरावांनी तिला हाक मारली. "हिला बघा साहेब! कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर होतं. आम्ही दोन महिन्यांत उतरवलं!"

"अरे वा! ते कसं काय?"

"धान्याच्या यादीतून नाव काढलं जी माझं," पंचफुलाबाई म्हणाली.

साहेबांनी वहीत 'आहार नियंत्रण' असं लिहिलं.

"आन माझी गोळी, साहेब?"

"बऱ्या झालात ना? मग आता गोळी कशाला?" साहेब हसून म्हणाले, आणि शेजारच्या चार गावांत हा उपाय करता येईल का, ते शेषेरावांना विचारू लागले.