चाळीस मिनिटं मोटारी बंद

चूक माझीच होती. शेजारच्या नानांची सून तेजश्री सुट्टीला आली होती. तिनं विचारलं, "काका, इथे कुणाकडे ओव्हन असेल का?" मी छाती फुगवून म्हणालो, आमच्याकडे आहे की. पुण्याहून आणल्यापासून त्यात आमची ही पापड ठेवते, हे मी सांगितलं नाही. आणि त्या आठवड्यात आमच्या वस्तीवर शेतीपंपांची थ्री-फेज वीज दिवसा होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. थ्री-फेज आली की साऱ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातले बल्ब काजव्याएवढे होतात.

नानांनी पिंपळवंडीच्या डेअरीत तीस वर्षं दूध तपासलं. निवृत्त झाले तरी इतरांच्या खिशात पेन असतो तसा यांच्या खिशात लॅक्टोमीटर असतो. आमच्याकडे चहाला आले की आधी स्वयंपाकघरात डोकावून दूध दोन बोटांत चोळून बघणार, मग बसणार. माणसंही ते दुधासारखीच तपासतात. फॅट म्हणजे वरची साय, आणि एसएनएफ म्हणजे ती काढल्यावर खाली उरतो तो ऐवज. नवा सरपंच निवडून आला, तेव्हा "फॅट लई, एसएनएफ न्हाई" एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. माझ्याबद्दलचं त्यांचं मत मी अजून विचारलेलं नाही.

या सवयीनंच घात केला. नानी गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीत तेजश्रीनं हौसेनं बासुंदी केली. नानांनी घोट घेतला आणि भरल्या पंगतीत सांगितलं, "पाणी पडलंय." पुढचे तीन सण मुलगा एकटाच आला. नाना म्हशींशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले.

आता वर्षानं ती आली होती आणि येताना खिम्याचे गोळे घातलेला पास्ता करायचं ठरवूनच आली होती. आमच्या घरात रविवारी सकाळपासून कारखाना सुरू झाला. मटणाच्या खिम्याचा गोळा, त्याच्या पोटात चीजचा तुकडा. "पुरण भरतो तशी कड बंद कर, नाहीतर फुटेल," असं हिनं बजावलं. मीही एक वळला. तो तेलात फुटला आणि मला ओट्यापासून लांब बसवण्यात आलं. नाना दारात उभे राहून बघत होते. एवढं चांगलं चीज आत लपवायचं कशाला, अशी शंका त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

तळलेले गोळे, उकडलेला पास्ता, टोमॅटोचा रस्सा आणि वरून किसलेलं चीज असा थाळा ओव्हनमध्ये गेला. दिवा लागला. वीस मिनिटं झाली तरी कॉइल लाल होईना. वरचं चीज लग्नात मुहूर्ताची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखं ढिम्म बसलेलं. तेजश्री काचेतून बघत होती. तिचा चेहरा मला बघवेना.

"व्होल्टेज न्हाई," नाना म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. रागावले वाटतं, म्हणून माफी मागायला मी मागोमाग गेलो. बघतो तर ते विहिरीविहिरीवर जाऊन मोटार बंद करायला सांगत होते. डेअरीत कुणाला फॅटचा अर्धा पॉइंटही वाढवून न देणारा हा माणूस चक्क विनंती करत होता. शेवटची विहीर बबनची. आठ वर्षांपूर्वी नानांनी त्याचं दूध पाणी घातलंय म्हणून भर रांगेत परत केलं, तेव्हापासून बांधाला बांध असून दोघांत बोलणं नव्हतं.

"काय नाना, वाट चुकली?"

"चाळीस मिनिटं मोटार बंद ठेव."

"का? माझ्या पाण्यातबी पाणी निघालं का काय?"

नाना कांद्याच्या वाफ्याकडे बघत म्हणाले, "सून आलीय. तिचं जेवण भट्टीत आडकलंय. मागल्या बारीला मी बोललो ते चुकलं व्हतं. आज हे बिघडलं तर ती पुन्यांदा यायची न्हाई रं."

बबननं स्टार्टरचं लाल बटण दाबलं. "तासभर लावत नाय. जावा. आन् झालं की बशीभर इकडं बी धाडा."

परत आलो तेव्हा कॉइल लालभडक झाली होती आणि चीजला बुडबुडे येत होते. माझा जीव भांड्यात पडला. ओव्हन माझा होता ना.

जेवताना कुणी नानांकडे थेट बघत नव्हतं, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी पहिला गोळा फोडला. आतून चीज ओघळलं. खाल्ला. मग दुसरा घेतला. तिसराही. बोलले मात्र एवढंच, की बबनची बशी भरा, मी नेऊन देतो.

रात्रीची भांडी लावताना मी हिला सगळं सांगितलं. वर म्हणालो, एवढं केलं या माणसानं, पण चांगलं झालंय एवढे दोन शब्द तिच्याजवळ बोलले असते तर काय बिघडलं असतं?

ही म्हणाली, "तुम्ही नका काळजी करू. दुपारी थाळा घासताना ती मला विचारत होती, नानांना तिखट कितपत चालतं म्हणून. परत यायचं नसतं तर कशाला विचारलं असतं तिनं?"